बाळंतपणानंतर लघवीवरचा ताबा

भगिनींनो, आणि रेडिओजवळ बसलेल्या पुरुषमंडळींनो, आजचा विषय ऐकून कुणी उठून जाऊ नये अशी माझी पहिली विनंती आहे. बाळंतपणानंतर खोकताना, शिंकताना, हसताना किंवा भरलेला हंडा उचलताना पुष्कळ बायकांची लघवी सुटते. ती का सुटते आणि ती थांबवता कशी येते, एवढंच मला आज सांगायचं आहे. विषय लाजेचा मानला गेला, म्हणून तो वर्षानुवर्षं पदराआड राहिला. रेडिओची एक सोय अशी की बोलणाऱ्याचं तोंड दिसत नाही आणि ऐकणाऱ्याचंही नाही. तेव्हा आज थोडं मोकळं बोलू या.

मी एकतीस वर्षं सरकारी उपकेंद्रांत नर्सबाई म्हणून काम केलं. त्यातली बरीच वर्षं सातारा जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यात गेली. बाळंतपणं किती केली त्याचा हिशेब आता राहिला नाही. पण एक गोष्ट कबूल करते. माझ्या स्वतःच्या दुसऱ्या बाळंतपणानंतर मला हाच त्रास सुरू झाला, आणि मी नर्स असूनही पाच वर्षं कुणाजवळ बोलले नाही. लसीकरणाला निघाले की पिशवीत लशीच्या डब्याबरोबर एक जादा परकर असायचा. एस. टी. खड्ड्यातून उसळली की छातीत धस्स व्हायचं. लग्नाला गेले तर मी दाराजवळची जागा धरून बसायची. माहेरच्या बायका म्हणायच्या, हिला नोकरीचा गर्व झालाय, चार घटका थांबत नाही.

एकदा धीर करून सासूबाईंच्या कानावर घातलं. त्या म्हणाल्या, "अगं, मूल झालं की एवढं व्हायचंच. बाईच्या जातीला चुकलंय का?" त्यांनी मायेनंच सांगितलं. त्यांच्या सासूनं त्यांना तेच सांगितलं असणार. हा त्रास सर्रास आढळतो, हे खरंच आहे. बाळंत झालेल्या दर तीन बायकांत साधारण एकीला तो थोडाफार होतो. पण सर्रास आढळतो म्हणून तो जन्मभर अंगावर काढावा असं थोडंच आहे? खरूजही एके काळी घरोघर होती. म्हणून कुणी खाजवत बसा असं सांगितलं नाही.

आता हे होतं कसं, ते पाहू. आपल्या ओटीपोटाच्या तळाला स्नायूंची एक झोळी असते. बाळासाठी आपण लुगड्याची झोळी बांधतो ना, तशीच ही. तिचं एक टोक पुढं, लघवीच्या जागेच्या वरच्या हाडाला, आणि दुसरं मागं माकडहाडाला. लघवीची पिशवी, गर्भपिशवी आणि मोठं आतडं ही तिन्ही या झोळीच्या आधारानं राहतात. लघवीची नळी, मायांग आणि शौचाची वाट या झोळीतूनच खाली येतात. नऊ महिने या झोळीवर बाळाचं ओझं असतं. मग बाळंतपणात बाळाचं डोकं तिच्यातून बाहेर येतं, तेव्हा ती किती ताणली जात असेल याची कल्पना करा. काही बायकांत ती थोडी फाटते. तिला हुकूम पोचवणारी जी बारीक नस असते, तीही ताणली जाते. कळा फार वेळ चालल्या, बाळ मोठं असलं किंवा चिमटा लावावा लागला, तर हे जास्त होतं. सिझर झालेल्या बाईला यातून पुरी सुटका मिळते असंही समजू नये; तिला त्रास कमी होतो, पण नऊ महिन्यांचं ओझं तिच्याही झोळीनं वाहिलेलं असतं.

झोळी सैल झाली तर लघवी का सुटावी? शेतकरी मंडळींना हे चटकन समजेल. रानात पाण्याची रबरी नळी पडलेली आहे. नळीखाली जमीन टणक असेल तर तिच्यावर पाय दिला की पाणी बंद होतं. तीच नळी चिखलात असेल तर पाय दिला तरी ती नुसती चिखलात रुतते आणि पाणी वाहतच राहतं. खोकताना, शिंकताना, ओझं उचलताना पोटातला दाब वरून लघवीच्या नळीवर पडतो. खालची झोळी टणक असली तर नळी दाबली जाऊन मिटते. झोळी सैल असली तर नळी रुतते, आणि लघवी सुटते. म्हणजे दोष ना पिशवीत, ना बाईच्या नशिबात. दोष आहे तो खालच्या जमिनीत. आणि ती पुन्हा टणक करता येते, कारण ती स्नायूंची आहे. हाताचा स्नायू कामानं घट्ट होतो, तसा हाही होतो.

यासाठीचा व्यायाम अमेरिकेतले केगेल नावाचे स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टर यांनी १९४८ साली शास्त्रीय रीतीनं मांडला, आणि आजही जगभर डॉक्टर पहिला उपाय म्हणून हाच सांगतात. शिक्षकमंडळींपैकी ज्यांनी योगाचा अभ्यास केला आहे त्यांना मूलबंध आठवेल. हठयोगप्रदीपिकेत तो आहे. त्याचा हेतू निराळा, पण आकुंचन बरंचसं याच जागेचं.

व्यायाम सोपा आहे, आणि सोपा आहे म्हणूनच तो चुकतो. एक गोष्ट सांगते. आमच्या उपकेंद्रात एक बाई आली होती, पहिलटकरीण, बाळ तीन महिन्यांचं. मी घाईत होते. तिला म्हटलं, "खालचे स्नायू रोज आवळत जा," आणि पुढची बाई घेतली. दोन महिन्यांनी ती परत आली आणि म्हणाली, "सिस्टर, तुम्ही सांगितलंत तसं रोज करते, पण लघवी आधीपेक्षा जास्तच जाते." मला नवल वाटलं. मग मी तिला आत नेऊन तपासलं आणि म्हटलं, कर बघू. तर ती श्वास कोंडून, गाल फुगवून, शौचाला बसल्यासारखं खाली जोर देत होती! दोन महिने ती बिचारी रोज नेमानं स्वतःची झोळी आणखी ताणत होती. चूक तिची नव्हती, माझी होती. तेव्हापासून मी हा व्यायाम उभ्या उभ्या कुणालाही सांगितला नाही.

म्हणून नीट ऐका. पाठीवर उताणं निजावं, गुडघे उभे ठेवावेत. एक हात पोटावर ठेवावा. आता असं समजा की चार माणसांत बसला आहात आणि वारा सरू पाहतो आहे. तो आपण जसा धरून ठेवतो, तसं मागं आवळा. तसंच ते पुढं, लघवी धरल्यासारखं आणा. आणि मग सगळं आत आणि वर ओढून घ्या. वर, हा शब्द महत्त्वाचा. खाली जोर द्यायचा नाही. पोटावरच्या हाताला पोट फुगलेलं किंवा ताठ झालेलं लागता कामा नये, ढुंगण आणि मांड्या ढिल्या राहायला हव्यात, आणि श्वास चालू राहायला हवा. बाहेरून पाहणाऱ्याला काही समजलं नाही, तर व्यायाम बरोबर चालला आहे. खात्री करायची असेल तर आंघोळीच्या वेळी धुतलेलं बोट मायांगात घालून आवळून पाहावं. बोटाला विळखा बसून ते वर ओढल्यासारखं वाटलं पाहिजे. बाहेर ढकललं जात असेल तर थांबावं आणि नर्सबाईंना दाखवावं. लघवी करताना मध्येच धार अडवून पाहण्याची रीतही सांगतात. ती जागा ओळखण्यापुरती एखाद्या वेळेला ठीक. तिची सवय करू नये, त्यानं लघवी पुरी न होता आत राहू लागते.

किती वेळ धरायचं? मी बायकांना बेचा पाढा म्हणायला सांगते. ज्यांना घड्याळ बघता येत नाही त्यांनाही पाढा येतो, आणि तोंडानं म्हटला की श्वास कोंडत नाही. पहिल्या आठवड्यात आवळून धरून "बे एके बे, बे दुणे चार, बे त्रिक सहा" एवढं सावकाश म्हणावं आणि सोडावं. तेवढाच वेळ विसावा घ्यावा. विसावा चुकवू नये. दमलेला स्नायू शिकत नाही. असं आठ वेळा. मग आठ वेळा भराभर, आवळ-सोड, आवळ-सोड. हे दिवसातून तीनदा. हळूहळू पाढा वाढवत "बे दाहे वीस" पर्यंत न्यावा. आधी निजून, जमू लागलं की बसून, मग उभं राहून. बाळाला पाजताना करावं, तव्यावर भाकरी असताना करावं, एस. टी.ची वाट बघताना करावं. निराळा वेळ काढायचा म्हटला तर आपल्याकडे तो कुणाला मिळतो?

बाळंतपणानंतर केव्हा सुरू करायचं, असं विचारतात. लघवीला नळी घातली असेल तर ती काढून लघवी आपली आपण होऊ लागली, की दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून हलक्या हातानं, म्हणजे हलक्या आवळण्यानं, सुरू करता येतं. टाके तुटत नाहीत. उलट त्या जागी रक्त खेळतं आणि सूज उतरायला मदतच होते. दुखलं तर जोर कमी करावा. पहिल्या दिवसांत काहीच जाणवत नाही, आपण आवळतो की नाही तेच कळत नाही, असं पुष्कळजणी म्हणतात. तसं होतं, नस ताणलेली असते, तिला वेळ लागतो. करत राहावं. मात्र बाळंत झाल्यावर सहा तासांत लघवी झाली नाही, तर ते लगेच नर्सबाईंना सांगावं. पिशवी तुडुंब भरून राहिली तर पुढं कायमचा त्रास होऊ शकतो.

आणि गुण केव्हा? इथं मी खोटं बोलणार नाही. आठ दिवसांत येत नाही. पहिला महिनाभर काहीच फरक नाही असं वाटतं, आणि तिथंच निम्म्या बायका सोडून देतात. निदान तीन महिने रोज करायला हवं. माझं म्हणाल तर मी पाच वर्षं उशिरानं सुरू केलं, आणि तरीही चौथ्या महिन्यात एक दिवस असा आला की शिंक आली, आणि काही झालं नाही. मी तिथंच उभी राहिले. दुसरी शिंक येते का बघत होते!

शिंकेवरून आठवलं. एक युक्ती आहे. खोकला किंवा शिंक येणार असं वाटलं, किंवा हंडा उचलायचा असला, की त्याच्या आधी क्षणभर आवळून घ्यायचं आणि ते होईपर्यंत धरायचं. जोर करताना श्वास सोडायचा. ही सवय अंगवळणी पडली की व्यायामाचा गुण येण्याआधीच निम्मा त्रास कमी होतो.

काही बायकांचा त्रास दुसऱ्या तऱ्हेचा असतो. त्यांना खोकून काही होत नाही. पण नळाचं पाणी वाजलं, घराचं कुलूप काढायला हात गेला, की एकदम जोराची लागते आणि मोरीपर्यंत पोचणं होत नाही. अशी लागली की धावत सुटू नये. जागेवर उभं राहावं, पाच-सहा वेळा भराभर आवळावं; लहर ओसरते, मग शांतपणे जावं. आणि दर तासाला, "आत्ताच जाऊन येते, पुढं जागा मिळायची नाही," असं करून पिशवीला वाईट खोड लावू नये. दोन-चार दिवसांनी पाच-दहा मिनिटं वाढवत दोन-तीन तासांवर आणावं. चहा दिवसाला एक-दोन कपांवर ठेवावा. लघवीला आग होत असेल, ताप असेल, लघवी गढूळ होत असेल, तर तो जंतूंचा विकार आहे. त्याला औषधच हवं.

पाण्याविषयी थोडं जास्त बोलते, कारण इथं आपली समजूत उलटी आहे. लघवी सुटते म्हणून बायका पाणी पिणं तोडतात. त्यातून काही घरांत बाळंतिणीला पाणी बेतानंच देण्याची रीत आहे. पाणी कमी झालं की लघवी दाट होते, ती पिशवीला झोंबते आणि वारंवार लागते. शिवाय शौचाला खडा होतो. मग बसून जोर करावा लागतो, आणि त्या जोरानं झोळी पुन्हा ताणते. अंगावर पाजणाऱ्या बाईला तर तहान लागेल तेवढं पाणी मिळालंच पाहिजे. बाळंतिणीच्या ताटात डिंकाचा लाडू खुशाल असू द्या, अळिवाची खीर असू द्या, पण त्याच्या शेजारी पालेभाजी आणि पाण्याचा तांब्याही असू द्या. पोट बांधायचं असेल तर सैलसर बांधावं. करकचून बांधलं की वरचा दाब खाली झोळीवरच जातो.

आता ओझं. पहिले सहा आठवडे बाळाहून जड काही उचलू नये असं पुस्तक सांगतं. पुस्तक लिहिणाऱ्याच्या घरी नळ असतो. आमच्या भागात टँकर आला की बाळंतीणही हंडा घेऊन धावायची, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. म्हणून पुरुषमंडळींना थांबवून ठेवलं. सव्वा महिना, जमल्यास तीन महिने, पाण्याची खेप तुम्ही करा. औषधाला पैसे खर्च करण्यापेक्षा हे स्वस्त पडेल. आणि बाईला उचलणं भागच असेल तर तिनं हंड्याऐवजी कळशी घ्यावी, कमरेत न वाकता बसून उचलावी, आधी आवळावं. चुलीच्या धुरानं किंवा कशानंही खोकला जडला असेल तर त्याचा इलाज करून घ्यावा. दिवसाला शंभर वेळा खोकणाऱ्या बाईची झोळी कशी बरी व्हायची?

एक सावधगिरीची गोष्ट. आपल्याकडे नुसतं "पिशवी" म्हटलं की गर्भपिशवी समजतात. एखादी बाई लघवी जाते म्हणून दवाखान्यात जाते, आणि येताना "पिशवी काढायला सांगितली" असं ऐकून येते. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या मोठ्या प्रमाणात काढल्या गेल्याचं वर्तमानपत्रांतून आलं, आणि राज्य शासनाला चौकशीसाठी समिती नेमावी लागली. त्यामागं कारणं अनेक होती. पण एवढं पक्कं लक्षात ठेवा, गर्भपिशवी काढल्यानं खोकताना सुटणारी लघवी थांबत नाही. कुणी तसं सांगितलं तर जिल्हा रुग्णालयात किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यावं. तीन-चार महिने व्यायाम नीट करूनही गुण नाही, किंवा अंग बाहेर आल्यासारखं वाटतं, तर अवश्य तिथं जावं. व्यायाम हाताला धरून शिकवणारे तज्ज्ञ असतात, आत बसवायची रिंग असते, आणि त्यानंही भागलं नाही तर लघवीच्या नळीला आधार देण्याचं निराळं ऑपरेशन असतं.

आणि एक त्रास असा आहे की ज्याला व्यायाम मुळीच लागू नाही. खोकला नाही, शिंक नाही, तरी रात्रंदिवस, निजल्या जागीसुद्धा लघवी ठिबकतच राहते. बाळ दिवस-दोन दिवस अडून राहिलं तर त्याच्या डोक्याखाली मूत्राशय दाबला जातो, तेवढी जागा मरते आणि काही दिवसांनी तिथं भोक पडतं. कधी ऑपरेशनातल्या इजेनंही असं होतं. अशा बाईला पूर्वी घराबाहेर गोठ्यात झोपवत. आफ्रिकेत इथिओपियात हॅम्लिन नावाचं डॉक्टर जोडपं १९५९ साली गेलं, आणि १९७४ मध्ये त्यांनी आदिस अबाबा इथं फक्त याच बायकांसाठी रुग्णालय काढलं. तिथं हजारो बायका बऱ्या झाल्या. दवाखान्यात बाळंतपणं होऊ लागल्यापासून आपल्याकडे हे कमी झालं आहे, पण संपलेलं नाही. हे भोक ऑपरेशननं बुजवता येतं. लवकर कळलं आणि भोक लहान असलं, तर काही वेळा नुसती नळी ठेवूनही ते भरून येतं. तुमच्या वस्तीत अशी कुणी असेल, जिच्याजवळ बायका बसत नाहीत, वास येतो म्हणतात, तर तिला उद्याच दवाखान्यात पोचवा.

शिक्षक आणि शिक्षिकांशी दोन शब्द. शाळेतल्या बाई हा त्रास फार सोसतात. सबंध दिवस उभं राहायचं, मोठ्यानं बोलायचं, आणि शाळेची मोरी धड नसली तर सकाळपासून पाणीच प्यायचं नाही. बाईंसाठी आणि मुलींसाठी कडी लागेल अशी, पाणी असलेली जागा शाळेत आहे की नाही, हे मुख्याध्यापकांनी स्वतः जाऊन पाहावं. आणि गावात बायका नर्सपेक्षा बाईंजवळ मन मोकळं करतात, हा माझा अनुभव आहे. पालकसभेला आलेली एखादी आई वर्गाच्या दाराशी घुटमळली, तर तिला विचारावं.

बाळंतपणानंतर बेचाळीस दिवसांपर्यंत आशाताई ठरल्या दिवशी घरी येतात. बाळाचं वजन करतात, ताप बघतात, पाजण्याचं विचारतात. त्यांचं बहुतेक लक्ष बाळाकडे असतं, आणि ते बरोबरही आहे. लघवीचं त्यांनी विचारलं नाही, तर आपण सांगावं. कसं सांगायचं हे सुचत नसेल तर एवढंच म्हणा, "ताई, खोकलं की ओलं होतं." पुढचं त्यांना समजेल. सासूबाई शेजारी बसल्या असल्या तर बसू द्या. कोण जाणे, त्याही कान देऊन ऐकत असतील.